धर... सोड

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाही पटली तरी माझं काही म्हणणं नाही. भुताच्या गोष्टी ऐकून सांगणाऱ्याच्या तोंडावर हसणारी बाई आहे मी. आजवर होते, असं म्हणा हवं तर.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती.

रविवारची भर दुपार होती. आमच्या गॅरेजच्या गल्लीतली सगळी शटर्स खाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आधी आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनात हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात मिसळतात. शर्यतीत गाडी पळवणाऱ्यांना ते प्रमाण बदलून हवं असतं. त्यासाठी आम्ही गाडीत एक छोटा डबा बसवतो आणि सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, मीटरवर आकडा दाखवतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर मी लॅपटॉपवरून पेट्रोल कमीजास्त करते. आकडाच खोटा असेल तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि भरधाव गाडीत पिस्टन वितळतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

म्हणून सेन्सर बसवण्याआधी मोकळ्या हवेत टांगून जुळवून घ्यायचा. मीटरवर २०.९ दिसायला हवं. स्वच्छ हवेचा आकडा तो. आकडा स्थिर झाला की बटण दाबायचं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं.

तेवढा वेळ जवळ कुणी श्वास सोडायचा नाही. नाकातून सोडलेल्या हवेत ऑक्सिजन कमी असतो. आकडा लगेच घसरतो.

हा नियम दादाचा. माझा थोरला भाऊ. गॅरेज त्याने उभं केलं. वायरिंग त्याच्याकडे, लॅपटॉप माझ्याकडे. सेन्सर टांगला की दोघांपैकी एकाने म्हणायचं, "धर." मग दोघं गाल फुगवून मीटरकडे बघत बसायचो. दिवा लागला की म्हणायचं, "सोड." ज्याने 'धर' म्हटलं, 'सोड'ही त्यानेच म्हणायचं.

गंमत अशी की दादाला दमा होता. ज्याला धड श्वास घेता येत नाही, तो मला श्वास धरायला शिकवायचा! 'धर' म्हणायची पाळी माझी असली की 'सोड' म्हणायला मी मुद्दाम उशीर करायचे. तो लालबुंद व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दम्यानेच तो गेला. वर्ष होत आलं.

आई-बाबा आधीच गेलेले. लग्न मी केलं नाही. घरी जाऊन बोलायचं कुणाशी, फ्रीजशी? म्हणून रविवारीही गॅरेजवर येऊन बसायचे. फार एकटं वाटायचं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगते आहे.

तर त्या रविवारी पोपटचं काम होतं. पोपट म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. गाडी हिरवीगार आणि तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून दादाने ठेवलेलं नाव. सोमवारी सकाळी त्याची शर्यत होती. तो संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता.

सकाळपासून एकही इंजिन चालू केलं नव्हतं. शटर अर्धं वर. मी नवा सेन्सर टेबलावरच्या हुकाला टांगला, मीटर लावला आणि लांब जाऊन उभी राहिले.

२०.९.

बटण दाबायला पुढे होणार, तेवढ्यात आकडा घसरला...

२०.१... १९.४...

आणि परत वर. २०.९.

वाटलं, वायर ढिली असेल. सगळे जोड दाबून पाहिले. घट्ट होते. पुन्हा मागे सरकले.

घसरला... चढला... घसरला... चढला...

पेट्रोलचा वास कुठून येतोय का पाहिलं. डबे बंद होते. मग माझाच श्वास पोचत असेल म्हणून बाहेर रस्त्यावर गेले आणि शटरखालून वाकून बघत राहिले. आत कुणीच नाही. मीटरवरचे लाल आकडे मात्र खाली-वर होतच होते.

तेव्हा तो आवाज ऐकू आला...

बारीक शिट्टीसारखा. ओढल्यासारखा.

कॉम्प्रेसरची नळी गळत असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. एकटी असले की मी बोलते मोठ्याने. आत जाऊन कॉम्प्रेसर पाहिला. टाकी रिकामी होती. हवाच नव्हती तर गळणार काय?

शिट्टी चालूच...

सायलेन्सरची गळती बघायला आम्ही कागदाची पातळ पट्टी वापरतो. ती मी सेन्सरच्या शेजारी चिकटवली आणि दूर झाले. पंखा बंद होता. बाहेर पान हलत नव्हतं.

शिट्टी ओढली गेली की पट्टी टेबलापलीकडे झुकायची. आकडा घसरला की माझ्याकडे.

टेबलापलीकडे दादाचं स्टूल आहे.

मला आता कळलं होतं. एक लांब ओढलेला श्वास, मध्येच अडकल्यासारखा, मग दोन तोकडे. हा श्वास मी जन्मभर भिंतीपलीकडून ऐकत झोपले होते. तो गेल्यावर कित्येक रात्री तो ऐकू येत नाही म्हणूनच मला झोप लागली नव्हती.

घाबरले का? घाबरले. पण पळाले नाही. माझं स्टूल ओढलं आणि मीटरसमोर बसले. किती वेळ बसले माहीत नाही. आकडा खाली जायचा, वर यायचा. वर्षभरात पहिल्यांदा त्या गॅरेजमध्ये मी एकटी नव्हते. मला ते थांबायला नको होतं.

मग पोपटचा फोन आला. निघालोय म्हणाला. बायको-मुलंही शर्यत बघायला येणार आहेत म्हणाला.

मी मीटरकडे पाहिलं. असा आकडा घेऊन त्याची गाडी सोडली असती तर तो मेला असता.

मीटरकडे बघत म्हणाले,

"दादा... धर."

शिट्टी थांबली.

पट्टी सरळ झाली...

२०.९. स्थिर.

मी श्वास धरून बटण दाबलं. एवढी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. हिरवा दिवा लागला, आणि त्याच क्षणी बाहेर हॉर्न वाजला. पोपट दारात. मी दचकून श्वास सोडला, शटर वर केलं, आणि त्याची टकळी सुरू झाली. सेन्सर बसवला, गाडी जुळवून दिली. तो गेला. शर्यत नीट पार पडली, चौथा आला.

त्या रविवारी रात्रीच, घरी कुलूप उघडताना माझी किल्ली अर्ध्यातच थांबली.

मी 'सोड' म्हटलंच नव्हतं.

तशीच परत फिरले. गॅरेजमधला जुना सेन्सर त्याच हुकाला टांगला, पट्टी चिकटवली, आणि म्हटलं. एकदा नाही, दहादा म्हटलं. दादा, सोड. झालं काम, सोड आता.

२०.९. आकडा ढिम्म हलला नाही.

शिट्टी नाही. पट्टीची हालचाल नाही. काहीच नाही.

ओळखीचे म्हणतात, सेन्सरमध्ये दोष असेल, तू थकली असशील. असेलही. तो गेला असेल, सुटला असेल, असंही एकजण म्हणाली. तिचं खरं असू दे.

पण तो सेन्सर अजून हुकाला आहे. रोज शटर खाली ओढण्याआधी मी 'सोड' म्हणते आणि जरा वेळ मीटरकडे बघत थांबते. भूत म्हणून मला दादाची भीती कधीच वाटली नाही. पण तो हट्टी आहे, मी म्हटल्याशिवाय सोडायचा नाही, आणि माझं म्हणणं आता त्याला ऐकू जातंय की नाही, मला माहीत नाही.

दम्याचा माणूस तो... किती वेळ धरून बसणार?