हनुवटीखालचा लाल डाग

कोशकार मामा खुर्चीतच गेले होते. समोर कॉफीचा रिकामा कप, आणि कपाच्या तळाशी विष. कॉफी भाचीनं केली होती, म्हणून फौजदार तिला न्यायला दारातच थांबले होते.

"उघड आहे हो सगळं, वहिनी," भावजी कुजबुजले.

"उघड दिसतं तिथंच मी दोनदा बघते," वहिनी म्हणाल्या. अवघड प्रकरण आलं की लोक या वहिनींकडे धाव घेत, आणि दीर शेपटासारखे मागोमाग.

त्यांनी वाकून मामांची बोटं पाहिली. स्वच्छ. हनुवटीखाली मात्र लाल डाग.

"रक्त!" भावजी मागं सरले.

"शाई आहे. काय बाई घाबरट माणूस!"

भाचीचे डोळे सुजले होते. "आईवडिलांमागं मामांनीच वाढवलं मला. सकाळी त्यांची दाढीसुद्धा मी केली. परवा लाल शाई संपली, तेव्हापासून काम अडलं होतं. नाहीतर दिवसभर हनुवटीला हात लावून पुटपुटत बसायचे. आज कॉफी ठेवून मी शिकवणीला गेले. निवल्याशिवाय ते तोंड लावत नसत. परत आले तेव्हा हे जिन्यात भेटले."

'हे' म्हणजे छापखान्याचे मालक. ते मामांचा इंग्रजी कोश छापत होते. ओळ संपताना शब्द कुठं तोडायचा, हे सांगणारा कोश. बगलेतली पिशवी त्यांनी घट्ट धरली होती.

"मी शाईची बाटली द्यायला आलो," ते म्हणाले. "कप रिकामा होता, मामा पेंगत होते. उठवलं नाही. बाटली ठेवून निघालो."

"उघडलीसुद्धा नाही त्यांनी?" वहिनींनी विचारलं.

"छे! मान धरवत नव्हती त्यांना."

वहिनी वळल्या. "भावजी, हनुवटीखाली हात धरा आणि युनिव्हर्सिटी म्हणा. सावकाश."

"यु... नि... व्हर... सि... टी. अरेच्चा, हनुवटी पाच वेळा खाली येते की!"

"म्हणजे तुकडे पाच. मामा प्रत्येक शब्द असाच तपासायचे आणि तुकडा पडेल तिथं लाल रेघ मारायचे. सकाळी दाढी केली तेव्हा हनुवटी साफ होती. घरात शाई नव्हती. मग हा डाग आला कुठून? मालकांच्याच बाटलीतून! मामा पेंगत नव्हते, कामाला बसले होते. कॉफी निवत होती, कप भरलेला होता. मालक, विष तुम्ही तेव्हा घातलंत. नंतर बोटंही पुसलीत. हनुवटीखाली बघायचं तेवढं राहिलं. आणि लाल खुणांचे कागद इथं नाहीत. पिशवी उघडा."

फौजदारांनीच ती हिसकावली. पानापानावर लाल रेघा होत्या.

"मशीननं शब्द वाटेल तिथं तोडले!" मालक ओरडले. "सगळी आवृत्ती छापून तयार, आणि म्हातारा म्हणतो रद्दीत घाला! बुडालो असतो मी!"

त्यांना खाली नेलं. भाचीनं शेवटचं पान घेतलं. शेवटचा शब्द होता टुमॉरो. मामांनी त्यात एकच रेघ मारली होती, दुसरी राहून गेली होती.

तिनं हनुवटीखाली हात धरला.

"टु... मॉर..."

पुढं तिची हनुवटी नुसती थरथरत राहिली.