कालव्यावरचं आवतन

भेळ खायला सांगलीचा माणूस फलटणला जातो, हे ऐकून कुणीही हसेल. सांगलीत काय भडंग मिळत नाही? पण शंभूराज सुट्टीवर आला की त्याच्या डोक्यात असलं काहीतरी शिरायचंच. फौजेतला गडी, वर्षातून एकदा घरी येणार. त्याला नाही कोण म्हणणार? त्या रविवारी तो जिनेशच्या ठिबकच्या दुकानापुढं येऊन उभा राहिला. गाडी त्यांचा तिसरा मित्र कृष्णात चालवत होता.

"चल रं. कुठं ते इचारू नगंस. जितं वास येईल तितं थांबायचं आन् खायाचं."

"दिवस मावळायच्या आत माझं उरकलं पाहिजे बघ," जिनेश शटर ओढत म्हणाला. जैनाघरचा मुलगा तो. सूर्य गेल्यावर त्याच्या तोंडात कधी अन्नाचा कण गेला नव्हता. आई राजमतीनं लावलेली शिस्त, आणि त्याला तिचा जरा तोराही होता.

विट्यात वडे झाले, दहिवडीत मिसळ झाली, फलटणला शंभूराजनं पैजेवर अर्धा किलो जिलेबी खाल्ली. हसून हसून तिघांच्या बरगड्या दुखल्या. लोणंदच्या रस्त्याला लागेपर्यंत उन्हं कलली होती. कालव्याच्या पुलाजवळ भेळेचा गाडा दिसला आणि शंभूराजनं गाडी थांबवायला लावली.

भेळवाल्याचा कांदा चिरून होईतो सूर्य गेलाच. दोघांनी भेळ घेतली आणि जिनेश कट्ट्यावर रिकाम्या हातानं बसला. पलीकडच्या उसाच्या फडात पाचट पेटवलं होतं. त्याचा करपट वास, त्यात कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. कालव्याला पाणी भरपूर होतं, वाहतही होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. हे जिनेशच्या लक्षात आलं, आणि त्यानं ते सोडून दिलं.

तेवढ्यात पुलावरून एक म्हातारा आला. हाडांवर नुसती कातडी, पाय ओढत चाललेला. आपल्याकडे खाताना समोरून कुणी गेलं तर 'या' म्हणायचंच असतं, आणि ज्याला म्हणतात त्यानं थांबायचं नसतं. पण 'या' म्हणायचं ते खाणाऱ्यानं. जिनेशच्या हातात तर काहीच नव्हतं. तोंडाची सवय, दुसरं काय!

"या बाबा, खायाला."

म्हातारा थांबला. जिनेशच्या रिकाम्या हातांकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"तुमी बलीवताय… पर तुमचं ताट कुठाय?"

"माझं दिवस मावळल्यावर नसतंय, बाबा. ह्याच्यातलं घ्या," जिनेशनं हसून शंभूराजकडे बोट केलं. "त्याचं ते तुमचंच समजा."

"समजू?"

"समजा की!"

म्हातारा शंभूराजला अगदी खेटून बसला. त्यानं भेळेला हात लावला नाही. शंभूराज मात्र खातच सुटला. एक प्लेट झाली, तीन झाल्या, पाच झाल्या. कृष्णात टाळ्या पिटत होता. सहाव्या प्लेटला शंभूराजचा चेहरा उतरला.

"गड्या… पोटात काय जाईनाच की रं."

जिनेशनं वळून पाहिलं तर कट्ट्यावर ते तिघंच होते. भेळवाला मान खाली घालून भांडी आवरत होता.

"हितं कुनाला 'या' म्हनत न्हाईत, पावणं," तो हळूच म्हणाला. "मी बी कवा म्हनत न्हाई."

पुढचे तीन महिने कुणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. शंभूराज एका बैठकीला दहा भाकऱ्या खायचा आणि उठताना भुकेनं थरथरायचा. छातीची हाडं दिसू लागली. सांगलीचे डॉक्टर झाले, पुण्याचं लष्करी इस्पितळ झालं. तपासण्यांत काही म्हणजे काही निघालं नाही. बायको अंकिता भाकऱ्या थापून थापून थकली. जिनेश रोज जायचा आणि तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचा. ती म्हणायची, "भावजी, तुमी हायसा म्हणून धीर हाय." हे त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

एकदा शंभूराजनं त्याचा हात धरला. हात कसला, काटकीच.

"घास आत जातूय रं… पर खाली कोनतरी आदीच बसलंय. तोंड उघडून."

त्या दिवशी जिनेशनं ठरवलं. आपण बोलावलं आणि जेवायला दुसऱ्याच्या ताटावर बसवलं. पाहुणा आपला, तेव्हा भूकही आपल्याच अंगावर घ्यायची. आईला कामाचं निमित्त सांगून तो एकटाच फलटणला गेला. शंभूराज वाचला पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

कालव्याच्या कट्ट्यावर तो भेळेची प्लेट घेऊन बसला. सूर्य पुरता बुडू दिला. मग चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं दिवस मावळल्यावर घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं तो गिळला.

एक सायकलवाला गेला. जिनेश म्हणाला, "या." तो हात हलवून पुढं गेला. वैरणीचा भारा घेऊन एक बाई गेली. मग रस्त्यावर कुणीच नव्हतं… आणि मग पुलावरून तो आला.

पाय ओढत नव्हता आता. गाल भरले होते, मान रुंद झाली होती. जिनेशनं ओळखलं. त्यानं प्लेट पुढं धरली.

"या, बाबा. आज माझं ताट हाय… माझ्यातलं घ्या. त्याचं सोडा. पाया पडतो तुमच्या."

म्हाताऱ्यानं प्लेटकडे पाहिलं, जिनेशकडे पाहिलं. मग भल्या घरचा माणूस पाहतो तसं प्रेमानं हसला आणि पोटावरून हात फिरवला.

"बसा, बसा. सावकाश होऊ द्या. आमचं आत्ताच झालं."

आणि तो चालत पुढं निघून गेला.

खिशातला फोन वाजला. अंकिता होती. तीन महिन्यांत तिचा इतका हलका आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"भावजी, ऐकलासा का? आज ह्यांनी निम्मी भाकरी खाल्ली आन् ताट बाजूला सारलं! पोट भरलं म्हनाले… स्वतःच्या तोंडानं म्हनाले!"

जिनेशनं हातातली प्लेट कट्ट्यावर ठेवली. "आता… आता काय करतोय?"

"झोपल्यात. लय दिसांनी डोळा लागलाय बघा. एरवी किती घोरत्यात, आज त्ये बी न्हाई. अगदी गप पडल्यात." ती हसली. "तुमाला बोलायचं हाय का? उठवू?"