काळ्या वाटाण्याचं सांबारं

जामसंड्यात मंगेशाच्या काजूच्या वखारीत एक थोरला काटा आहे. त्यावर पोतं पडलं की असा ठण्ण आवाज होतो, की देवगड बंदरातले खेकडे दचकून बिळात जातात. खोटं वाटत असेल तर तिथं जाऊन विचारा. ते याहून मोठं सांगतील. तर त्या दुपारी रसिका काजूगर घ्यायला गेली, आणि काट्यावर पोत्याऐवजी एक तरुण उभा! काटा मुळी वाजलाच नाही.

"मंगेशकाका, ह्या पोत्यात कायच भरलला नाय वाटता," ती म्हणाली.

तरुण वळला, लाजला... डोळे मात्र हसरे. "भरूचाच आसा. भरणारा कोन गावला नाय अजून."

"खंयचो रे तू?"

"फोंडाघाटचो. दत्तप्रसाद. हय मोबाईलच्या दुकानात आसंय. बोटीर नोकरी गावतली, पन पन्नास किलो होवक व्हये. माजे सेहेचाळीस."

"आमची खानावळ आसा मागच्या आळीत. आवस रांधता, मी वाढतंय. ये... चार किलो म्हणजे काय, हातचो मळ!"

तो आला. रसिकानं त्याच्या ताटात जीव ओतला. तळलेला बांगडा, सुरमईची जाड तुकडी, भाताखाली लपवलेलं अंडं. पण हा पठ्ठ्या अर्ध्या भातावरच हात आखडता घेई. "बस गो! तुज्या हातचा खाल्ला की भूकच मरता." उठला की उंबऱ्याशी थांबे, "येतंय हां," म्हणे, आणि मागं वळून अशी एक चोरटी नजर टाकी, की रसिकाच्या डावातली आमटी वाडगा सोडून शेजारी जेवणाऱ्या लवू मास्तरांच्या धोतरावर सांडे. मास्तर ओरडत. वजन मात्र तसूभर हलेना.

मग श्रावण लागला. चुलीवरून मासळी उतरली, आणि खानावळीत भातावर धाड पडली. एकेक गडी असा तुटून पडे, की पातेलं भिऊन भिंतीकडे सरके. दत्तप्रसादही पुन्हा पुन्हा भात मागू लागला.

"त्यात नवल काय?" विज्ञान शिकवून निवृत्त झालेले लवू मास्तर बोट चाटत म्हणाले. "मासळीत, अंड्यात प्रोटीन भरपूर. ते पोटाला लवकर गप्प बसवतं. ते कमी पडलं की शरीर मागतच राहतं. मग माणूस भातावर भात रिचवतो, आणि अंग धरतो. कडधान्य खाल्लं असतं तर एवढा हावरेपणा झाला नसता."

थोड्याच दिवसांत दत्तप्रसाद वखारीतून धावत आला. "रसिका! अठ्ठेचाळीस! आनी दोन झाले की मी बोटीर!"

रसिका हसली... पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही. तिचे बाबा बोटीवर होते. वर्षातून एकदा येत, आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे पाणी मागून पीत. आई, विमला, त्यांना पाणी देताना पदर सावरी, जणू परका माणूस.

त्याच संध्याकाळी रसिकानं काळे वाटाणे भिजत घातले.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या एकट्याच्या ताटात दाटसर सांबारं. कधी मुगाची उसळ, कधी कुळथाची पिठी. त्यानं भात मागायच्या आत वाडगा पुन्हा भरलेला.

"सगळ्यांका पातळ आमटी, नि माकाच वाटाणे?"

"लाडाचे ते. नको तर दी माघारी."

"हात लाव बघया!" त्यानं वाडग्यावर पंजा ठेवला. तिची बोटं त्याखाली सापडली... बाहेर उन्हात पाऊस पडत होता. कुणीच हात काढेना. शेवटी मास्तर खोकले.

एका मुदीवर तो उठला. "पोट भरला गो. येतंय हां."

गणपती तोंडावर आले, बोटीचं बोलावणं आलं, आणि तो मुंबईला तपासणीसाठी गेला. परतला तो खांद्यावरच्या पिशवीसकट थेट खानावळीत. दुपार कलली होती, बाकं रिकामी.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "परत पाठवल्यानी. फुडच्या वर्षी वयात बसाचंय नाय." मग खाली बघत, "तुज्या आवशीक इचारूचा होता माका. मोबाईलच्या काचो बदलणाऱ्याक लग्नाक कोन चेडू दितला? म्हणान बोट व्हयी होती."

रसिकाच्या हातात वाडगा होता. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? वाटाणे काही बोलत नाहीत.

"दत्ता... ह्या मी केलंय."

"काय?"

"मास्तरांचा बोलणा आयकलंय, नि तुजी भूक मारूक वाटाणे घातलंय. रोज. तू बोटीर जाव नये म्हणान."

त्यानं खांद्यावरची पिशवी बाकावर ठेवली. "मी पोट भरला म्हणान उठायचंय... तेवा तुका बरा वाटायचा?"

"होय."

"नि मी येडो, आवशीक फोनार सांगायचंय, हय एक चेडू माका जीव लावन जेवक घालता."

"जीवच लायलंय रे..."

"म्हायत आसा." त्यानं पिशवी उचलली. "ताच तर गिळना नाय."

उंबऱ्याशी तो नेहमीसारखा थांबला. त्या मुलखात घर सोडताना कुणी जाण्याचं नाव काढत नाही. तिचे बाबा वर्षभरासाठी निघत, तेही 'येतंय' म्हणूनच.

"जातंय," दत्तप्रसाद म्हणाला.

मागं वळून बघितलं नाही. त्याला घेऊन फोंडाघाटच्या वाटेला लागलेली एसटी वळणावर दोनदा भोंगा वाजवून दिसेनाशी झाली.

रसिका त्याच्या जागेवर बसली आणि तिनं ते सांबारं संपवलं. वाडगा पुन्हा भरून घेतला, तोही संपवला.

"भात घालू गो?" आतून विमलानं विचारलं. "की पोट भरला?"

"घाल," रसिका म्हणाली. "आनी घाल."