मधुकाकांची कोठडी

ही गोष्ट खरी आहे. अशा पानांवर सगळेच असं म्हणतात, हे मला माहीत आहे. मीसुद्धा इतकी वर्षं इथल्या गोष्टी वाचून हसत आलेय. तुम्हीही हसा हवं तर. मला फक्त हे एकदा कुणाला तरी सांगून टाकायचंय.

ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही.

भर दुपार. मे महिना. झाशी.

ज्यांनी इथला मे पाहिला नाही त्यांना सांगते, दुपारी एक ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. लू सुटते. नळाच्या पाण्याने हात भाजतो. पत्र्याखाली तर उभंही राहवत नाही.

आमचं घर लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याच्या, रस्त्याला, एका गल्लीत. शेजारी मधुसूदनकाका. सगळे त्यांना मधुकाका म्हणायचे. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांत एकच भिंत, कमरेएवढी.

झाशीत आम्ही मराठी माणसं मूठभर. पिढ्या गेल्या इथं, आमची मराठी निम्मी हिंदी झाली. पण गणपती बसतो, आणि तो मधुकाकांच्या जिवावर बसायचा. कुणाची मुंज असो की मयत, काका हजर. लॉकडाउनमध्ये माझे बाबा गेले तेव्हा कुणी दाराशी यायला तयार नव्हतं. काकांनी कुठून कुठून चार माणसं उभी केली आणि पहिला खांदा स्वतः दिला.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते यापायी केलं.

काकांच्या मागच्या अंगणात एक कोठडी आहे. पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, खिडकी नाही. मंडळाचं सामान त्यात असायचं. मखर, सतरंज्या, झांजा आणि गणपतीच्या मागे लावायचा लाल मखमलीचा पडदा.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या गल्लीतली कुत्री, भूरी, त्या पडद्यावर व्यायली.

तारीख अठरा. दुपारचे दीड वाजले असतील. मी वाळलेले कपडे काढायला मागे गेले होते. भिंतीपलीकडे काका खाली बसलेले दिसले. त्यांनी भूरीची मान गुडघ्याखाली दाबली होती आणि तिच्या तोंडाला तार आवळत होते. सावकाश, नीट, मखराला बांधायचे तशी.

चार पिल्लं त्यांनी आधीच बाहेर रस्त्यावर टाकली होती.

काकांनी वर पाहिलं. जराही दचकले नाहीत.

"देवाचा पडदा नासवला गं हिनं," ते म्हणाले. "दोन दिवस कोंडतो. अद्दल घडू दे."

"काका, पाणी तरी ठेवा आत."

"तू आत जा बेटा. ऊन लागेल तुला."

आणि मी आत गेले.

थोड्या वेळाने आवाज सुरू झाला.

खर्र... खर्र... खर्र...

लोखंडावर नखं. तार बांधलेली, त्यामुळे भुंकणं नाही, रडणं नाही. फक्त ते. शारदाकाकू तेव्हा ग्वाल्हेरला लेकीकडे गेल्या होत्या. माझा नवरा निरंजन मऊरानीपुरला बँकेत, सकाळच्या बसने जातो आणि संध्याकाळी येतो. म्हणजे दिवसभर ऐकणारी मी एकटीच. भिंत ओलांडून कडी काढायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी कूलर मोठा केला.

दुसऱ्या दिवशी आवाज हळू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी थांबला.

पिल्लांतलं एक वाचलं. प्रियदर्शिनी नावाची मुलगी आहे, जखमी जनावरं उचलून नेते, औषधपाणी करते. पिल्लू घ्यायला ती आली, तिला वास आला आणि ती सरळ पोलिसांना घेऊन आली. काका म्हणाले, वाऱ्याने दार लागलं असेल, तार कुणी बाहेर बांधली असेल, मला काय ठाऊक.

पोलिसांना मी पाहिलेलं सगळं सांगितलं. तोवर मी खरी होते.

"दीदी, पचास रुपये जुर्माना देके छूटने वाला ज़माना गया," प्रियदर्शिनी मला म्हणाली. "न्याय संहिता में धारा तीन सौ पच्चीस है. पाँच साल तक की जेल. पर देखा सिर्फ़ आपने है."

साक्षीच्या आदल्या दिवशी काका आमच्याकडे आले. पाया पडले नाहीत, गयावया नाही. खुर्चीवर बसून चहा प्याले.

"तुझ्या बाबांना खांदा दिला तेव्हा मी विचारलं नव्हतं, काय खरं आणि काय खोटं," ते म्हणाले. कप खाली ठेवला आणि गेले.

निरंजन म्हणाला, "आपला माणूस आहे. एका कुत्रीपायी जेलमध्ये घालणार का त्यांना?"

फेब्रुवारीत मी कठघऱ्यात उभी राहिले. देवाची शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "आपने मधुसूदन जी को कुतिया बाँधते हुए देखा?"

"जी नहीं. मैंने कुछ नहीं देखा."

त्यांनी पोलिसांकडचा माझा जबाब वाचून दाखवला. मी म्हणाले, मी असं बोललेच नाही.

"दो दिन कोई आवाज़ भी नहीं आई?"

"कूलर चल रहा था."

मजिस्ट्रेट मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मार्चमध्ये काका सुटले. पुराव्याअभावी. त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि मी एक घेतला.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली शशिकला आली. गेटपाशी आली आणि थबकली.

"काए बिन्नू, जा कुतिया तुमाई आय का?"

"कुठली कुत्री?"

"जेई... गेट पे तो बैठी."

मी पाहिलं. गेटपाशी काही नव्हतं. पायरी, चपला, तुळशीची कुंडी.

शशिकला टोपली घेऊन कडेकडेने आत आली. कुणाला तरी वाट देत असल्यासारखी.

मग दूधवाला म्हणाला. मग कुरियरवाला. गॅसवाला तर आत यायलाच तयार होईना, म्हणाला आधी कुत्री बांधा. रोज कुणी ना कुणी. सगळ्यांना ती दिसत होती.

मलाच दिसत नव्हती.

एका रविवारी निरंजन दारातून ओरडला, "चारू, पक्कड दे गं. या बिचारीच्या तोंडाला कुणी तरी तार बांधलीय."

मी पक्कड त्याच्या हातात दिली. भूरी मेली तेव्हाही निरंजन मऊरानीपुरला होता. त्याने तिला तारेसकट कधीच पाहिलं नव्हतं.

तो पक्कड घेऊन गेला आणि परत आला. "गेली वाटतं. आत्ता तर होती."

एप्रिलमध्ये काकांनी मला भिंतीपाशी बोलावलं. हातात काठी. वजन निम्मं झालेलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "चारुता, ती तुला दिसते का गं?"

"नाही काका." पहिल्यांदाच मी त्यांच्याशी खरं बोलत होते.

"मग ठीक," ते म्हणाले. आणि मागे वळून कोठडीकडे बघत राहिले.

मला त्यांची दया आली नाही. उलट बरं वाटलं. भोगा, असं मनात म्हटलं. कोर्टात एवढी हिंमत झाली असती तर ही वेळच आली नसती, पण तेव्हा माझी जीभ पेढ्यासारखी विरघळली.

मग पुन्हा मे आला.

शारदाकाकू दरवर्षीसारख्या ग्वाल्हेरला गेल्या. अठरा तारीख आली. मला सकाळपासून काही सुचत नव्हतं. निरंजनला म्हटलं, आज जाऊ नकोस. त्याच्या बँकेत तपासणी होती, तो गेला.

दीड वाजला. गल्ली चिडीचूप.

आणि मागून आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

तोच आवाज. तेच लोखंड. तेवढंच अंतर दोन आवाजांत. मी देवापुढे बसले. ती आलीय, मला वाटलं. आज वर्ष झालं, म्हणून ती आलीय.

मी मागचं दार लावलं. खिडक्या लावल्या. कूलर मोठा केला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं, हे फोन उचलत नाहीयेत. जरा बघतेस?"

मी त्यांच्या पुढच्या दाराशी गेले. हाका मारल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा चालू, टेबलावर झाकलेलं जेवण, माठ भरलेला. काका नाहीत. आणि घराच्या मागून...

खर्र...

मी पळत घरी आले. काकूंना सांगितलं, बाहेर गेले असतील, फोन घरी राहिला असेल.

निरंजन आला. त्याला आवाज येत नव्हता. मी त्याला काही बोलले नाही.

दुसरा दिवस. आवाज हळू झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी थांबला.

काकू दुपारी आल्या. त्यांची किंकाळी ऐकली तेव्हा मला कळलं. हो, तेव्हाच कळलं, त्याआधी नाही. तुम्ही विश्वास ठेवा किंवा नका ठेवू.

काका कोठडीत होते.

उन्हाने, तहानेने गेले असं डॉक्टरांनी लिहिलं. पोलिसांना एकच कोडं सुटत नव्हतं. दाराला कुलूप नव्हतं. कडीही लावलेली नव्हती. दार बाहेर उघडणारं, हाताने ढकललं असतं तरी उघडलं असतं. काकूंनी तर बोटानेच उघडलं होतं. पाण्याचा माठ तिथून पंधरा पावलांवर.

तरी आतून दाराचा रंग खरवडून काढलेला होता. काकांची नखं उरली नव्हती.

ओरखडे सगळे खाली होते. गुडघ्याच्या वर एकही नाही.

"दो दिन में चिल्लाए क्यों नहीं?" इन्स्पेक्टर स्वतःशीच म्हणाला. मग हवालदाराला हळूच म्हणाला, "जबड़े पे ये लकीर कैसी है? चारों तरफ़..." हवालदार म्हणाला, कपडा बांधला असेल लूसाठी. कपडा कुठं सापडला नाही.

मग इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला.

"मैडम, आप तो बगल में ही हैं. कुछ सुना?"

फेब्रुवारीपासून मी या प्रश्नाची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. किती वेळा आरशापुढे उत्तर म्हणून पाहिलं होतं. आणि तोंड उघडलं तर काय बाहेर पडलं?

"कूलर चल रहा था."

तेराव्यानंतर मी वकिलाकडे गेले. कोर्टात खोटी साक्ष दिलीय, कबूल करायचंय, म्हटलं. किती शिक्षा होईल ते विचारलं.

"झूठी गवाही में सात साल तक है," ते म्हणाले.

म्हणजे भूरीला मारायला पाच. ते पाहून गप्प बसायला सात. मला ते बरोबर वाटलं. मी म्हटलं, लिहा अर्ज.

ते हसले. "किसके लिए, मैडम? जिसका केस था वो नहीं रहा. कौन आप पर मुक़दमा चलाएगा? घर जाइए, आराम कीजिए."

प्रियदर्शिनीकडेही गेले. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांपाशी पाहिलं. आणि दार लावून घेतलं.

ती वकिलांसारखी हसली असती तरी चाललं असतं.

आता जून अर्धा झालाय. काकू लेकीकडे राहायला गेल्या. शेजारचं घर बंद आहे. आवाज येत नाही. गेटपाशी आता कुणालाच कुत्री दिसत नाही. परवा मी शशिकलाला मुद्दाम विचारलं, "गेली ना गं ती?"

शशिकला भाजी तोलता तोलता थांबली. "बा तो भीतर चली गई, बिन्नू."

त्यानंतर ती आमच्या दारावर आली नाही.

मला अजूनही काहीच दिसत नाही.

पण निरंजन... स्वयंपाकघरातून बाहेर येताना तो उंबऱ्यापाशी पाय उचलून टाकतो. जमिनीवर कुणी झोपलंय आणि तुडवलं जाऊ नये, तसा. रात्री दिवा बंद करायच्या आधी एकदा पलंगाच्या माझ्या बाजूला, खाली बघतो. मी बघितलं की नजर वळवतो.

त्याला विचारलं तर तो सांगेल. माझ्यासारखा नाही तो, खोटं बोलता येत नाही त्याला.

म्हणून मी विचारत नाही.