खारीच्या केसांचा ब्रश

दिवसभर साडीच्या नक्षीतली पानं कागदावर रंगवून केशरचे डोळे चुरचुरत होते. घरी जावं आणि पडावं, बस्स. पण पांढरा रंग संपलेला, म्हणून पाय ओढत ती रंगाच्या दुकानात शिरली, तर तिथे हा बुवा सगळ्यांत जाडजूड ब्रश निवडून उभा.

"काय रंगवायचंय?" तिला राहवलं नाही.

"स्तूप," तो म्हणाला आणि हातानं दीड वीत दाखवली. "एवढासा."

घ्या! स्तूप एवढासा आणि ब्रश दरवाजे रंगवायचा. केशरनं दुकानदाराकडून वाटीभर पाणी मागितलं. एकेक बारीक ब्रश भिजवायचा, झटकायचा, ज्याचे केस फिस्कारलेलेच राहतील तो बाजूला. दांड्याच्या चकचकीवर जाऊ नये. ओला झाल्यावर टोक धरतो का आणि वाकवला तर परत सरळ होतो का, एवढंच बघावं, असं ती सांगत होती. त्याचं लक्ष मात्र तिच्या बोटांकडे. घरी गेल्यावर आपण कुठला ब्रश आणला हे त्याला पुडी सोडून बघावं लागलं.

हिलाल त्याचं नाव. पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात सुती कापड साफ करायचं त्याचं काम. बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीसाठी वस्तीनं त्याच्यावर सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती सोपवली होती. केशरही त्याच वस्तीतली, दोन गल्ल्या पलीकडची. मग काय, रोज संध्याकाळी घरी जाताना तिचे पाय त्याच्या अंगणाशी थबकायला लागले.

दोघंही दमलेली असायची. प्लायवूड घासता घासता तो डुलक्या घ्यायचा, ती जांभया दाबत शिकवायची. रंगात ब्रश अर्ध्याच केसांपर्यंत बुडवायचा. केस धरणाऱ्या पत्र्याच्या टोपीत रंग शिरला की तो गेलाच म्हणून समज. काम झालं की आधी घासलेट, मग साबण, मग बोटांनी टोक करून आडवा ठेवायचा. पेल्यात डोक्यावर उभा केलास तर बघ...

"माणसांचीही एवढी काळजी घेतेस?"

"माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत."

"मी ऐकतो की..."

केशरनं मान वर केली नाही, पण त्या दिवशी स्तूपाच्या कठड्याची रेघ वाकडीच गेली.

इकडे केशरच्या घरी वडिलांनी, गंगारामनी, भुसावळचं स्थळ आणलेलं. मुलगा रेल्वेत, नाव ठेवायला जागा नाही. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी होकाराचं पत्र टाकायचं ठरलं. नाही म्हणायचं तर कारण हवं, आणि कारण त्या अंगणात मुकाट बसलेलं! केशरला त्याचा राग यायचा. आणि खरं सांगायचं तर रागवायचंही त्राण नसायचं.

स्तूपाच्या तोरणावरचं बारीक काम उरलं, तेव्हा तिनं आपला स्वतःचा ब्रश काढून दिला. खारीच्या केसांचा, तीन वर्षं जपलेला. तिचं पोट त्याच्यावर; सख्ख्या बहिणीलाही ती त्याला हात लावू द्यायची नाही. "उद्या परत दे," एवढंच ती म्हणाली.

आणि हिलाल गायब झाला. तीन संध्याकाळी अंगणाचं दार बंद. तो डबल पाळी करतोय, असं त्याच्या आईनं, कलाबाईंनी, सांगितलं. त्याच्या कानावर भुसावळचं गेलं आणि त्यानं अंग काढून घेतलं, अशी केशरनं समजूत करून घेतली. बरंच झालं, असं स्वतःला बजावलं आणि कामावर बसून रडली. जुन्या ताठ ब्रशनं पानं फासली, मालकाची बोलणी खाल्ली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला ती कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. हिलाल बाहेर आला, तिला बघून मागे वळला. तिनं हाक मारली. तेव्हा त्यानं खिशातून नुसता दांडा काढला. टोपीत एकही केस नव्हता.

ब्रश हातात धरूनच त्याला झोप लागली होती, रंग वाळून दगड झाला. घासलेटनं निघेना. मग त्यानं आठ वर्षं जे केलं तेच केलं... कॉस्टिकच्या कढत पाण्यात बुडवला. त्यात कापड कसं पांढरंफेक निघतं! सुताला काही न करणारं ते पाणी केस मात्र खाऊन टाकतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"तसा दुसरा मिळेना," तो म्हणाला. "तोंड कसं दाखवू?"

केशरला हसू फुटलं. ती तिथेच कडेला बसली. तीन दिवस जीव टांगणीला, तो ह्या दांड्यापायी?

"बाबा आज भुसावळला पत्र टाकताहेत," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचं. होकाराचं."

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. चेहरा उतरला बिचाऱ्याचा.

"तुला... जायचंय?"

"नाही."

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. हिलाल आत गेला नाही. अंगावरच्या ओल्या, कॉस्टिकचा वास मारणाऱ्या कपड्यांनीच तो तिच्याबरोबर चालू लागला. दोघांनाही चालण्यापुरतीच ताकद होती.

घरी गंगाराम पोस्टकार्ड समोर घेऊन बसले होते. हिलालनं चपला काढल्या.

"काका, ते पत्र नका टाकू. केशर मला हवी आहे."

गंगारामनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. हे कधी ठरलं, असं त्यांनी विचारलं.

"माझं कधीचंच, बाबा," केशर म्हणाली. "याला आत्ता कळलं."