तापलेल्या तळ्यातला रोहू

श्यामकांतचं लग्न एका रोहूवर अडलं होतं.

लीनाच्या बंगाली घरची रीत अशी, की हळदीच्या दिवशी मुलाकडून अख्खा रोहू जायचा. तोही नवरीसारखा नटून, लाल साडी आणि नाकात नथ घालून. लीनाच्या आत्याने आधीच विचारून ठेवलं होतं, "मराठी लोक मासा पाठवणार, की पुरणपोळी? मासा आला नाही, तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही." आणि आत्या अडली की अख्खं घर अडतं, हे लीनाने रडत सांगितलं होतं.

१९७३ च्या त्या मे महिन्यात बाजारातून मोठा रोहू गायबच झाला. म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी डमडमच्या पूर्वेच्या एका जुन्या तळ्यावर तिघांची मोहीम निघाली: श्यामकांत, डॉक्टरकी शिकणारी त्याची बहीण कालिंदी, आणि मालवणात जन्मल्यामुळे जगातलं सगळं पाणी आपल्याला कळतं असं मानणारे दिगंबरमामा. तळ्याचा मालक म्हणाला, "मिळाला तर न्या." तो हसला नाही.

तळ्यावर भर उन्हात धुरकट वाफ होती. काठावरच्या कारखान्याचं गरम पाणी वर्षभर त्यात पडत होतं. बगळा नाही, बेडूक नाही, पाण्यावर साधा बुडबुडा नाही. होडीच्या वल्ह्याचा आवाज सुद्धा नको इतका मोठा वाटत होता.

कालिंदीने तापाचा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला. वरच्या पाण्यात अठ्ठ्याण्णव. खोल सोडला. अठ्ठ्याण्णव! आणखी खोल. अठ्ठ्याण्णव!

"माशाच्या मानाने हा तापच, तोही तळापर्यंत," ती म्हणाली. "पेशंट गेला."

"अगं, मधे झटकलास का?" श्यामकांतने विचारलं.

एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, हे लिहून कालिंदी परीक्षा पास झाली होती. तिने थर्मामीटर झटकला, खोल सोडला आणि झपकन ओढला. पारा जेमतेम हलला होता.

"खाली गार आहे!"

"मी सांगत होतो!" म्हणत मामा होडीत उभे राहिले. होडीत उभं राहू नये हे मालवणात तान्ह्या बाळाला कळतं. होडी उलटली!

श्यामकांत खाली गेला. गरम. गरम. आणि एकदम विहिरीसारखं गार! तळाशी झरा होता, आणि झऱ्याभोवतीच्या खड्ड्यात मासे. अंगाला अंग लावून, एकाच दिशेला तोंडं करून गप्प उभे. अख्खं तळं तिथे येऊन दडलं होतं. त्याने हात लावला. एकही हलला नाही. मासे माणसाला भीत नाहीत, म्हणजे त्यांना दुसऱ्या कशाची तरी जास्त भीती आहे.

तरी त्याने सर्वांत मोठा रोहू कवेत घेतला आणि तो वर आला.

"शाबास भाच्या!" उलट्या होडीला लटकलेले मामा ओरडले. त्यांच्या हातात जाळ्याची दोरी होती. जाळं केव्हाच तळाशी गेलं होतं. "थांब, अख्खी वरातच उचलतो!" त्यांनी दोरी ओढली.

काळा गाळ उसळला. मासे खड्ड्यातून वर सुटले, थेट गरम पाण्यात! एक पांढरं पोट वर आलं. मग दुसरं. मग मोजणं नको वाटलं.

"मामा, सोडा!"

"अरे, भरलंय!"

"सोडा म्हणतो ना!"

मामांनी पोटं पाहिली. दोरी सुटली.

कालिंदीने नाडी बघावी तशी रोहूच्या कल्ल्यांवर बोटं ठेवली. "दादा, हा फार वेळ नाही टिकणार."

श्यामकांतच्या डोळ्यांसमोर आत्या आली, मग रिकामा मांडव. त्याने दम भरला, रोहूला घेऊन बुडी मारली आणि त्याला गारव्यात सोडून दिलं. तिघे होडी धरून, पाय मारत कसेबसे काठाला लागले.

दुसऱ्या दिवशी लीनाच्या दारात रोहू गेला. पुरणाचा! आईने बदामाचे खवले लावले होते. साडी होती, नथही होती. नवऱ्याने त्या दिवशी जायचं नसतं, पण रोहू पुरणाचा का, हे समजावणार कोण, म्हणून श्यामकांत स्वतः परात घेऊन गेला.

आत्याने साडीचा पदर बाजूला करून पाहिलं. "खरा कुठाय?"

त्याने सगळं सांगितलं.

"किती जागा उरलीय त्यांना?"

"या मांडवाएवढी."

आत्याने वर पाहिलं. मांडवाच्या कापडाच्या कडेपाशी ऊन येऊन थांबलं होतं. ती मांडवात शिरली, तिच्यामागून सगळं घर शिरलं. ऊन थोडं आत आलं. सगळे अंगाला अंग लावून आणखी आत सरकले.