माश्यांना सांगितलेली बातमी

इंग्लंडमधल्या लेडबरी गावातलं आमचं घर खापरपणजोबांनी बांधलं, बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या व्यापारात पैसा खेळायला लागल्यावर, राणी व्हिक्टोरियाच्या काळात. लाल विटा, दारात जांभळी काच आणि गरजेपेक्षा जास्त धुराडी. जगात याहून देखणं घर नाही, हे मी कुणालाही पटवून देईन!

आम्हा पार्डो घराण्याची तेव्हापासूनची रीत अशी, की घरातली प्रत्येक बातमी परसातल्या मधमाश्यांना सांगायची. दाराच्या किल्लीने त्यांच्या पेटीवर टकटक करायची आणि बोलायचं. खापरपणजोबा गेले तेव्हा कुणी सांगितलं नाही. माश्या उडून गेल्या, आणि वर्षाच्या आत घरातला पाळणा रिकामा झाला, म्हणे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण शाळेच्या नाटकात मुख्य भूमिका मला मिळाली होती, मग गप्प कशी बसणार?

"जा राणीसाहेब," हेटीताई म्हणाली, "माश्यांना सही देऊन या."

भर दुपार होती. मी टकटक केली. एरवी आतून गुणगुण चढते. आज काहीच नाही. पेटीला काळी फीत बांधली होती. ती फक्त कुणी वारल्यावर बांधतात.

डॅड शेजारीच कुंपण छाटत होता.

"डॅड, कोण गेलं?"

तो कात्री पुसत राहिला. "घर विकलंय, इमोजेन."

"ईस्टरला शब्द दिला होतास! विकणार नाही म्हणून!"

"घरातलं कुणी गेल्याशिवाय माश्या नवा मालक धरत नाहीत."

"मग कुणाचं नाव सांगितलंस?"

त्याने मान वर केली नाही. "नुसते शब्द असतात गं ते."

"माझंच का? स्वतःचं सांगायचं!"

"मी आणि हेटी निघू. तू हे घर सोडलं नसतंस."

मी रागाने हसले. तेवढ्यात एक माशी मनगटावर बसली. मग दुसरी. मग बाही दिसेना.

एकही डसली नाही. त्यांच्या पायांची गुदगुलीसुद्धा जाणवली नाही.

पेटीत मेलेला उंदीर त्यांना ओढून नेता येत नाही. मग त्या त्याला राळेने लिंपतात, हे शाळेत शिकवलेलं.

माझी बोटं एकमेकांना चिकटली होती. तपकिरी, चकचकीत.

"डॅड, झटक ना त्यांना."

त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.